पासष्टी पूर्ण, कॉकपिट बंद

प्रवासी विमान चालवणाऱ्यांच्या निवृत्तीवयावर वाचकांची बरीच पत्रे आली. सारख्या आशयाचे प्रश्न एकत्र करून उत्तरे दिली आहेत.

वैमानिक 65 ला निवृत्त होतो म्हणजे 65 वे लागले की, का 65 सरले की? आणि शाळेच्या दाखल्यावर गुरुजींनी 1 जून लावला असेल तर? — वाचक, कराड

65 पूर्ण झाले की. पासष्टाव्या वाढदिवशी आपण म्हणतो ‘सहासष्टावे लागले’, त्या दिवसापासून पगारी प्रवासी किंवा मालवाहू विमानात कॅप्टन म्हणून बसता येत नाही आणि सहवैमानिक म्हणूनही नाही. आदल्या दिवसापर्यंत चालते. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटना, म्हणजे इकाओ, हिचा नियम असाच आहे आणि भारतातही हीच मर्यादा आहे. मुंबईहून अमेरिकेला जाणारे विमान पंधरा-सोळा तास हवेत असते. वाढदिवसाची मध्यरात्र वाटेत गाठेल असे उड्डाण शहाणा रोस्टरवाला, म्हणजे ड्यूट्या लावणारा, देतच नाही, शेवटची फेरी दोन-चार दिवस आधीच संपवतो.

दाखल्याचे म्हणाल तर परवान्यावरची तारीख कागदावरून येते आणि कागदावरचीच धरतात. घरातल्या आजीला ‘पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी झाला’ हे पक्के आठवत असले तरी परवान्याला 1 जूनच कळतो. त्यात कुणाचे दोन-चार महिने वाढतात, कुणाचे जातात. नोकरीच्या शेवटी तारीख बदलून घेण्याच्या अर्जांकडे सगळीकडेच संशयाने बघतात. दुरुस्ती करायचीच तर ती पहिला परवाना काढताना.

65 हा आकडा वैद्यकशास्त्रातून आला का? — वाचक, नाशिक

नाही. तो तडजोडीतून आला, आणि म्हणूनच तो दर काही वर्षांनी हलतो.

सुरुवात अमेरिकेत झाली. 1959 च्या जानेवारीत अमेरिकन एअरलाइन्सने बोइंग 707 जेट सेवेत आणले. पंख्याच्या विमानांवर आयुष्य गेलेल्या ज्येष्ठ कॅप्टनांना जेटवर आणायला प्रशिक्षणाचा वेळ आणि पैसा जास्त लागत होता. कंपनीला त्यांना साठीत घरी पाठवायचे होते, पण वैमानिकांची संघटना त्याला तयार नव्हती आणि लवादात कंपनीच्या बाजूने काही लागले नाही. मग कंपनीचे अध्यक्ष सी. आर. स्मिथ यांनी अमेरिकेच्या विमान वाहतूक प्रशासनाचे प्रमुख एलवुड केसाडा यांना 1959 च्या फेब्रुवारीत पत्र लिहिले. त्याच वर्षी डिसेंबरात 60 चा नियम जाहीर झाला आणि 15 मार्च 1960 पासून लागू झाला. 1961 मध्ये केसाडा त्याच कंपनीच्या संचालक मंडळावर गेले. यावर आम्ही वेगळे काही लिहायला नको.

सरकारी कारण अर्थातच वैद्यकीय होते. माणूस अचानक कोसळण्याचा धोका वयाबरोबर वाढतो आणि एखाद्या विशिष्ट माणसाचे काय होईल हे तेव्हाच्या तपासण्यांतून सांगता येत नव्हते. कारण खोटे नव्हते. पण साठच का, अठ्ठावन्न किंवा त्रेसष्ट का नाही, याला त्यात उत्तर नव्हते.

इकाओनेही कॅप्टनसाठी 60 ची मर्यादा ठेवली होती. सहवैमानिकासाठी तीच नुसती शिफारस होती. 23 नोव्हेंबर 2006 पासून ती 65 झाली, अट अशी की दोन वैमानिकांच्या कॉकपिटमध्ये दुसरा साठीच्या आतला हवा. 13 नोव्हेंबर 2014 पासून ही जोडीची अटही गेली. अमेरिकेने 65 स्वीकारले ते 13 डिसेंबर 2007 ला राष्ट्राध्यक्ष बुश यांची सही झाल्यावर, पण मागच्या तारखेने नाही. ज्याची साठी 12 डिसेंबरला भरली तो घरी, ज्याची 14 ला भरली त्याला आणखी पाच वर्षे. आधी निवृत्त झालेल्यांना परत यायचे तर नवे म्हणून, सीनियॉरिटीच्या यादीत तळाला. अपवाद फक्त तिसऱ्या खुर्चीवर फ्लाइट इंजिनिअर म्हणून नोकरीत टिकलेल्यांसारख्या थोड्यांचा.

पण वय वाढले की धोका वाढतो हे तर खरेच ना? मग किती धोका चालतो, हे कोण ठरवते? — वाचक, पुणे

यासाठी विमान वैद्यकात एक हिशेब वापरतात, त्याला ‘एक टक्क्याचा नियम’ म्हणतात. वैमानिक येत्या वर्षभरात अचानक अकार्यक्षम होण्याची शक्यता 1 टक्क्याहून कमी असेल तर तो दोन वैमानिकांच्या विमानात चालतो.

1 टक्का ऐकून दचकू नका, हिशेब पाहा. वर्षात 8,760 तास, सोयीसाठी 10,000 धरू. वर्षाला शंभरात एक म्हणजे दर तासाला दहा लाखांत एक. तासाभराच्या उड्डाणात उतरणे-चढणे ही नाजूक वेळ साधारण दहावा भाग. बाकी वेळेत दुसऱ्याकडे सावरायला भरपूर अवधी असतो. म्हणजे झाले एक कोटीत एक. आणि नाजूक वेळी एकजण कोसळला तरी दुसरा शंभरातल्या नव्याण्णव वेळा विमान सांभाळतो असे सिम्युलेटरच्या, म्हणजे जमिनीवरच्या सरावाच्या कॉकपिटच्या, अनुभवावरून धरले आहे. म्हणजे शंभर कोटी तासांत एक अपघात.

शेवटचा ‘शंभर’ दुसऱ्या माणसाच्या जिवावर आला आहे. एकट्या वैमानिकाच्या विमानात तो गुणक मिळतच नाही, धोका तिथल्या तिथे निदान शंभरपट. म्हणून एकट्याने व्यापारी उड्डाण करण्याची मर्यादा इकाओने 60 वरच ठेवली आहे आणि 65 फक्त दोघांच्या कॉकपिटला. वर्तमानपत्री चर्चेत हे बहुधा सुटते.

वयाबरोबर धोका चढतो, पण पायरीसारखा नाही, उतारासारखा. चौसष्टाव्या वर्षी ठणठणीत असलेला माणूस पासष्टीच्या सकाळी बिघडत नाही. उलटेही आहे. 18 जून 1972 ला लंडनजवळ स्टेन्सला ट्रायडंट विमान पडून 118 माणसे गेली. त्याच्या कॅप्टनला हृदयविकार होता, हे शवविच्छेदनात कळले. वय 51. विश्रांतीच्या ईसीजीत काही दिसले नव्हते. 2023 च्या ऑगस्टमध्ये नागपूर विमानतळावर पुण्याच्या उड्डाणाआधी बोर्डिंग गेटपाशी कोसळून गेलेला कॅप्टन 40 वर्षांचा होता. आणि न्यूयॉर्कच्या हडसन नदीवर विमान उतरवणारे कॅप्टन सलनबर्गर त्या दिवशी अठ्ठावन्न पूर्ण व्हायला आठवडाभर कमी होते. म्हणजे वय हा ढोबळ मापदंड आहे. मात्र तो कुणाला विकत घेता येत नाही आणि त्यावर शिफारस चालत नाही. ‘प्रत्येकाची वेगळी तपासणी करा’ म्हणणाऱ्यांना आम्ही एवढेच विचारू, की पुढच्या बारा महिन्यांत कोण कोसळणार हे सांगणारी तपासणी कोणती?

विमानात कॅप्टन खरेच बेशुद्ध पडला तर नेमके काय करतात? — वाचक, छत्रपती संभाजीनगर

पहिली अडचण ओळखण्याची. छातीला हात लावून माणूस कोसळला तर कळते. पण कित्येकदा तो डोळे उघडे ठेवून नुसता बसलेला असतो. यासाठी ठरलेल्या हाका आहेत. धावपट्टीवर धावताना न चालवणारा वैमानिक एअरबसवर ‘वन हंड्रेड नॉट्स’ आणि बोइंगवर ‘एटी नॉट्स’ अशी वेगाची हाक देतो, चालवणाऱ्याने ‘चेक्ड’ म्हणायचे. उत्तर आले नाही की संशय. सर्वसाधारण नियम असा, की दोन हाकांना उत्तर नाही, किंवा विमान ठरल्या मार्गावरून ढळतेय आणि एका हाकेलाही उत्तर नाही, तर दुसऱ्याने विमान हातात घ्यायचे. वय, हुद्दा, आदर सगळा बाजूला.

मग ‘आय हॅव कंट्रोल’ म्हणायचे आणि ऑटोपायलट लावायचा. एअरबसमध्ये दोघांच्या छोट्या काड्या, म्हणजे साइडस्टिक, एकमेकींना जोडलेल्या नसतात. बेशुद्ध माणसाचा हात त्याच्या काडीवर पडला तर दोन्हींच्या आज्ञांची बेरीज होते. म्हणून आपल्या काडीवरचे तांबडे बटण दाबायचे, 40 सेकंद दाबून धरले की बटण सोडल्यावरही समोरची काडी बाद राहते. बोइंगमध्ये दांडे जोडलेले असतात, त्यामुळे माणूस पुढे पडला तर त्याचे सगळे वजन तुमच्या हातावर येते. तिथे त्याला मागे ओढणे सर्वांत आधी.

ते काम केबिन क्रूचे. खांद्याचे पट्टे ओढून लॉक करायचे, हात पट्ट्यांखाली किंवा छातीवर घ्यायचे, पाय रडरच्या पॅडलवरून काढायचे, खुर्ची पूर्ण मागे सरकवून पाठ खाली करायची. खुर्चीतून बाहेर काढण्याच्या भानगडीत सहसा पडत नाहीत. अरुंद जागेत 80 किलोचा माणूस उचलताना कुणाचा कोपर कुठल्या स्विचला लागेल सांगता येत नाही. त्यानंतर रेडिओवर ‘मेडे’ ही संकटाची हाक, रडारला विमानाची ओळख देणाऱ्या ट्रान्सपॉन्डरवर 7700 हा आणीबाणीचा आकडा, आणि जवळचा असा विमानतळ जिथे धावपट्टीही पुरेशी आहे आणि रुग्णालयही. प्रवाशांत डॉक्टर आहे का विचारतात, दुसरा वैमानिक आहे का हेही विचारतात.

18 जून 2009 ला ब्रसेल्सहून नेवार्कला जाणाऱ्या कॉन्टिनेंटल कंपनीच्या बोइंग 777 मध्ये 60 वर्षांचा कॅप्टन अटलांटिकवर वारला. बाकीच्या वैमानिकांनी विमान ठरल्या ठिकाणी उतरवले. ऑक्टोबर 2024 मध्ये सिएटल–इस्तंबूल उड्डाणात 59 वर्षांचा कॅप्टन गेला, विमान न्यूयॉर्कला उतरले. तो मार्चच्या तपासणीत पास झालेला होता.

आणखी एक. कॉकपिटमधल्या अकार्यक्षमतेचे सर्वांत नेहमीचे कारण हृदय नाही, पोट आहे. उलटी आणि जुलाब. त्याला वयाची अट नाही, म्हणून पुष्कळ कंपन्या दोघांना वेगवेगळे जेवण देतात.

साठीनंतर मेडिकल कसे बदलते? चष्मा लागला तर परवाना जातो का? — वाचक, ठाणे

इकाओच्या नियमाने पहिल्या वर्गाचे, म्हणजे व्यावसायिक वैमानिकाला लागणारे, मेडिकल एरवी 12 महिने टिकते, साठीनंतर 6 महिने. पन्नाशीनंतर ईसीजी दरवर्षी.

चष्म्याने परवाना जात नाही. दूरचे प्रत्येक डोळ्याला 6/9 आणि दोन्ही मिळून 6/6 दिसले पाहिजे, चष्मा लावून चालते. जवळचे दोन अंतरांवर तपासतात: 30 ते 50 सेंटिमीटरवर एन-5 आकाराची अक्षरे आणि 100 सेंटिमीटरवर एन-14. पहिले अंतर हातातल्या नकाशाचे किंवा टॅबलेटचे, दुसरे समोरच्या पॅनेलचे. घोळ होतो तो तिसऱ्याच ठिकाणी. डोक्यावरचे पॅनेल जवळ आणि वर असते, आणि नेहमीच्या बायफोकलची जवळची खिडकी काचेच्या खालच्या भागात असते. मग चाळिशी पार केलेला कॅप्टन स्विच वाचायला मान मागे टाकून, हनुवटी वर काढून बघतो. चष्मा करायला जाताना खुर्चीत बसून डोळ्यापासून या तिन्ही जागांची अंतरे टेपने मोजून घ्या आणि नंबर काढणाऱ्याला ते आकडे द्या. वरही जवळची खिडकी असलेली काच करून मिळते. तसाच दुसरा जादा चष्मा उड्डाणात हाताशी ठेवणे सक्तीचे आहे.

कानाची मर्यादा 500, 1000 आणि 2000 हर्ट्झला 35 डेसिबल, 3000 ला 50. इंजिनाच्या आवाजाने सर्वांत आधी खड्डा पडतो तो 4000 च्या आसपास, म्हणजे मर्यादेच्या पलीकडे. हे दुर्लक्ष वाटेल, पण रेडिओवरचे बोलणे बहुतेक 3000 च्या अलीकडेच संपते. घरी नातवंडांचे बोलणे कळेनासे झालेला माणूस टॉवरचे अचूक ऐकतो, ते यामुळे.

वडील वैमानिक आहेत. परवाना 65 पर्यंत, पण कंपनीचे पत्र 58 चे. असे कसे? — वाचक, नवी मुंबई

दोन वेगळ्या गोष्टी आहेत. 65 ही कायद्याची वरची मर्यादा, त्याखाली कंपनी आपले निवृत्तीवय ठरवू शकते. एअर इंडियात ते वर्षानुवर्षे 58 होते. टाटांकडे गेल्यावर 2022 मध्ये निवडक वैमानिकांना निवृत्तीनंतर करारावर 65 पर्यंत ठेवण्याचे धोरण आले. तुमच्या वडिलांच्या पत्रात ‘मुदतवाढ’ लिहिले आहे की ‘करार’, हे आधी बघा. करार असेल तर सीनियॉरिटी, रजा आणि ग्रॅच्युइटी मागच्या सेवेला जोडली जाते की नव्याने मोजली जाते, हे लेखी घ्या. ग्रॅच्युइटी सगळ्या कमाईवर मोजली जात नाही, आणि वैमानिकाच्या कमाईत उड्डाणभत्त्याचा वाटा मोठा असल्याने हाती येणारा आकडा अनेकांना निराश करतो.

भविष्य निधीची पेन्शन योजना सहसा 58 लाच थांबते. त्यानंतर नोकरी चालू असली तरी त्या खात्यात काही जात नाही, मालकाचा सगळा हिस्सा भविष्य निधीत जातो. आणि परवाना गमावण्याचा विमा असेल तर तीन ओळी शोधा: कितव्या वर्षापर्यंत, शेवटच्या वर्षांत रक्कम घटते का, आणि ‘तात्पुरता अपात्र’ ठरल्यास किती महिन्यांनी पैसे मिळू लागतात. बहुतेकांना दुसरी ओळ साठीनंतर सापडते.

आयुर्मान वाढले, वैमानिकांची टंचाई आहे, मग 67 का करत नाहीत? — वाचक, नागपूर

प्रयत्न झाले. अमेरिकेच्या प्रतिनिधीगृहाने जुलै 2023 मध्ये 67 मंजूर केले, पण मे 2024 च्या अंतिम कायद्यात ते राहिले नाही. 2025 च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये माँट्रियलला भरलेल्या इकाओच्या सभेत विमान कंपन्यांच्या आयाटा या संघटनेने 67 चा प्रस्ताव मांडला, तोही मान्य झाला नाही.

एका देशाने एकट्याने वय वाढवले तर काय होते ते बघा. 65 पूर्ण झालेला 777 चा कॅप्टन आपल्या देशात पात्र, पण सीमा ओलांडली की इकाओची मर्यादा लागू. 777 तर बहुधा परदेशातच जाते. म्हणजे त्याला देशांतर्गत 737 किंवा ए-320 या लहान विमानांवर आणायचे. त्यासाठी नव्या विमानाचे पूर्ण प्रशिक्षण, सिम्युलेटर, मग प्रशिक्षकाबरोबर प्रत्यक्ष उड्डाणे, यात काही महिने. तो सीनियर, म्हणून 737 वरची चांगली जागा त्याची, तिथला कॅप्टन खाली सरकतो, त्याच्याखालचा आणखी खाली. इकडे 777 ची रिकामी खुर्ची भरायलाही कुणाला तरी शिकवायचेच आहे. दोन वर्षांच्या नोकरीसाठी एका माणसामागे चार जणांचे प्रशिक्षण. अमेरिकेतल्या वैमानिकांच्या मोठ्या संघटनेचा विरोध होता त्यात हा मुद्दा होता. तरुणांची बढती अडते हाही होता, तो जरा हळू आवाजात.

जपानला हे जमले, कारण तिथे देशांतर्गत वाहतूक भरपूर. 2015 पासून तिथे 68 वा वाढदिवस येईपर्यंत उडवता येते, साठीनंतर जास्तीच्या वैद्यकीय तपासण्या देऊन. उलट ऑस्ट्रेलियात वयाची मर्यादाच नाही, तरी क्वांटासच्या एका आंतरराष्ट्रीय कॅप्टनने साठीच्या निवृत्तीविरुद्ध लढवलेला खटला तो 1998 मध्ये तिथल्या उच्चतम न्यायालयात हरला. इतके देश त्याला येऊ देत नसतील तर कंपनीने त्याला रोस्टरवर लावायचे कुठे, हा प्रश्न होता.

आमचे मत: 67 होईल, पण इकाओतून आणि सगळ्यांचे एकदम. तोवर एकेका देशाच्या विधेयकांच्या बातम्यांवर घराचे हप्ते ठरवू नका.

65 नंतर विमानाशी संबंध संपतो का? — वाचक, सांगली

परवाना जात नाही, पगारी वाहतूक जाते. स्वतःचे छोटे विमान मेडिकल असेपर्यंत चालवता येते. सिम्युलेटर हवेत उडत नाही, त्यामुळे तिथे शिकवण्याला ही मर्यादा लागत नाही. युरोपीय न्यायालयाने 5 जुलै 2017 ला लुफ्थान्सा सिटीलाइनच्या खटल्यात 65 ची मर्यादा वैध ठरवली, पण प्रवासी-माल-टपाल नसलेली रिकामी विमाने हलवण्याला ती लागू नाही असेही सांगितले. याच न्यायालयाने 2011 मध्ये लुफ्थान्साच्या कामगार करारातली 60 ची अट मात्र वयावरून केलेला भेदभाव ठरवली होती.

हवाई वाहतूक नियंत्रकांनाही असे वय असते का? — वाचक, रत्नागिरी

देशागणिक वेगळे. अमेरिकेत तर वैमानिकाच्याही आधी, 56 ला.

माझे वय 42. नोकरी सोडून व्यावसायिक वैमानिकाचा परवाना घ्यावा का? — वाचक, बारामती

कायद्याने आडकाठी नाही, हिशेब मात्र आजच मांडा. तुमच्याकडे 23 वर्षे आहेत. व्यावसायिक परवान्याला 200 तास, त्यात परीक्षा, हवामान आणि विमान रिकामे मिळण्याची वाट धरून दोन वर्षे सहज जातात. पुढे टाइप रेटिंग, म्हणजे विशिष्ट प्रकारचे विमान चालवण्याची मान्यता. नोकरी कधी लागेल हे बाजारावर. कॅप्टन व्हायला लागणाऱ्या वरच्या परवान्याला 1,500 तास, आणि त्यानंतरही सीनियॉरिटीची रांग. पन्नाशीच्या आसपास डाव्या, म्हणजे कॅप्टनच्या, खुर्चीत बसलात तर पंधरा वर्षे मिळतात. वाईट नाही. पण कर्जाचा हप्ता सहवैमानिकाच्या पगारातून आणि 58 च्या आत फिटेल असा बसवा.

फ्लाइंग स्कूल तुमच्या बारामतीतच आहे, गोंदियालाही आहे. तिथे चौकशीला जाल तर प्रवेशाचा अर्ज आधी पुढे करतील. तो तसाच ठेवा. आधी दुसऱ्या वर्गाचे, म्हणजे शिकाऊ वैमानिकाला लागणारे, मेडिकल, मग पहिल्या वर्गाचे. ईसीजी, साखर, रक्तदाब आणि कान या चार ठिकाणी चाळिशीतली माणसे अडकतात. रक्तदाबाची गोळी चालू असेल तर ती डॉक्टरांपासून लपवू नका. बऱ्याच गोळ्या नियमात बसतात, न बसणारी असेल तर बदलून काही आठवडे स्थिर दाखवावे लागते. पहिल्या वर्गाचा कागद हातात आला की मगच फीचा पहिला चेक.